माडीच्या तुळयांची टोकं भिंतीत कुजली आहेत : चिपळूण, पूर येऊन गेलेलं घर

शिवनदीकाठ

नमस्कार मंडळी. घर चिपळूणचं, आजोबांनी बांधलेलं. मातीत बांधलेल्या दीड फुटी जांभ्याच्या भिंती, वर माडी, मंगलोरी कौलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदी दोघी गावात शिरल्या तेव्हा खालच्या मजल्यावर माडीच्या फळ्यांना टेकेल इतकं पाणी होतं. गाळ उपसला, घर धुतलं आणि दिवाळीनंतर काकांनी खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर ऑईलपेंट मारून घेतला. तेव्हा गल्लीत सगळ्यांनी तेच केलं.

यंदा गणपतीत माडीवर माणसं जमली आणि मागच्या खोलीची जमीन पायाखाली दबल्यासारखी वाटली. खालून बघितलं तर मागच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन तुळयांची टोकं काळपट तपकिरी झालेली. पेचकस टोचला तो मुठीपर्यंत आत गेला. लाकडाला उभ्याआडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटतात, बोटांत चुरलं की तपकिरी भुकटी होते. भिंतीलगत पांढरट जाळं आहे आणि अळंब्यांसारखा कुबट वास. वाळवीची माती कुठेच दिसली नाही. बाकीच्या तुळया ठणठणीत. लाकूड सागाचं आहे असं काका म्हणतात.

दोघांना दाखवून झालं. सुतार म्हणतो दोन्ही तुळया आख्ख्या बदला, म्हणजे वरच्या फळ्या काढणं आलं. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो हा 'ड्राय रॉट' (लाकूड कुजवणारी एक बुरशी), सगळ्या घरात फवारणी करू, दहा वर्षांची गॅरंटी देतो. त्यानंतर रात्री नेटवर ड्राय रॉटबद्दल वाचलं आणि झोप उडाली. भिंतीच्या आतून पसरतो म्हणे. जाणकारांनी सांगावं.

रंधा-पटाशी

चर्चा नंतर. आधी टेकू लावा, आणि लागेपर्यंत त्या खोलीत कुणालाही जाऊ देऊ नका. वर कपाट, कणगी, जुनी पुस्तकं काही असेल तर आजच पुढच्या खोलीत हलवा.

बांधकामवाल्यांकडे लोखंडी स्क्रूचे टेकू भाड्याने मिळतात. भिंतीपासून दोनेक फूट आत, जिथे लाकूड टोचून घट्ट लागतं तिथे, दोन्ही तुळयांखाली आडवी जाड फळी घाला आणि तिच्याखाली टेकू. खाली जमिनीवरही फळी हवी, नुसत्या फरशीवर टेकू उभा केला तर फरशी फुटते. स्क्रू हाताने घट्ट बसेल इतकाच फिरवा. खाली बसलेली जमीन लगेच वर उचलायला जाऊ नका. इतक्या वर्षांत बसलेलं लाकूड एका दुपारी उचललं तर भिंतीचे दगड सुटतात.

आणि मागच्या खोलीला साग? मला शंका आहे. आमच्याकडे देवरुख-संगमेश्वर भागात जुन्या घरांत ओटीला, माजघराला साग आणि मागच्या बाजूला ऐन, किंजळ असंच बहुतेक वेळा निघतं. कापलेल्या टोकाचा फोटो टाका.

एडिनबरोकर

तुमचं वर्णन वाचून धस्स झालं, कारण इथल्या घरांत नेमकं हेच बघितलंय. स्कॉटलंडच्या जुन्या दगडी इमारतींत ड्राय रॉट म्हणजे घर विकत घेताना पहिला प्रश्न. बुरशीचं नाव सर्प्युला लॅक्रिमन्स. राखाडी-पांढरी कातडी, तपकिरी लाकूड, चौकोनी भेगा, हे सगळं जुळतंय. तिचे दोरे दगडी भिंतीतल्या चुन्यातून वाट काढत पलीकडच्या खोलीतल्या लाकडापर्यंत पोचतात. फळ धरलं की गंजाच्या रंगाची पूड आख्ख्या खोलीवर बसते. आमच्या इमारतीत एका न्हाणीघराच्या गळतीतून ती दोन मजले फिरली होती. इथले कंत्राटदार दिसणाऱ्या कुजीच्या पुढे मीटरभर चांगलं लाकूडही कापून जाळायचे, गिलावा काढून भिंतीत औषध भरायचे.

घाबरवायचं नाही, पण फवारणीवर थांबू नका.

अवांतर : १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. ओकची जहाजं बुरशीने बेजार असायची, त्या काळातली ही गोष्ट. मुद्दाम जाऊन बघून आलो. त्यामुळे साग असा कुजला असेल तर पाणी भलतंच मुरलेलं असणार.

कडीपाट

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पुण्यात जुन्या वाड्यांची कामं करतो. एडिनबरोकर यांचं वर्णन त्यांच्या गावासाठी बरोबर, पण चिपळूणला लावू नये. सर्प्युला थंडीतली बुरशी आहे. विशीच्या आसपासच्या तापमानात ती जोमाने वाढते, पंचविशीच्या पुढे तिची वाढ खुंटते आणि चाळिशीच्या जवळ मरते. भारतात ती सापडते ती हिमालयातल्या जंगलांत. कोकणातल्या कौलारू घरात एप्रिल-मे काढणं तिला जमण्यातलं नाही.

चौकोनी भेगा आणि तपकिरी भुकटी एवढ्यावरून इतकंच कळतं की ही तपकिरी कूज आहे. अशी कूज करणाऱ्या बुरशा पुष्कळ आहेत. लाकडातलं सेल्युलोज (धागे) खातात, लिग्निन (ते धागे चिकटवून धरणारा भाग) तसंच ठेवतात, म्हणून उरतं ते तपकिरी आणि ठिसूळ. तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशाच भेगा. दुसरी पांढरी कूज, तिच्यात लिग्निनही जातं आणि लाकूड पांढुरकं, तंतुमय, ओल्या पुठ्ठ्यासारखं दबणारं होतं. औषधाच्या दृष्टीने दोन्हींत फार फरक नाही.

फरक पडतो तो पाण्याने. लाकडातली ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुठलीही कूज पुढे सरकत नाही. सुरुवात व्हायला तर २८-३० टक्के लागतात, म्हणजे लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने तुडुंब हव्यात. आता मला सांगा, २०२१ चं पाणी तुळईच्या टोकात अजून कसं असेल? ती लाकडं त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत वाळून गेली असणार. पूर एकदा आला. हे लाकूड दर वर्षी भिजतंय. कुठून, ते शोधा. त्याआधी एक रुपयाही औषधावर घालू नका.

आडवलीकर

माका एकच सांगा, त्या भितीच्या भायर काय आसा? न्हाणी, की पागोळी, की चिकटून बांधलेला कायतरी? फोटो आतसून काढतास, भायरसून कोण काढतलो?

शिवनदीकाठ

टेकू लागले. धन्यवाद रंधा-पटाशी.

आडवलीकर, मागे २०२२ मध्ये पत्र्याची शेड घातली आहे. पुरानंतर वॉशिंग मशीन, गाडी, लाकूडफाटा सगळं तिथेच. पत्र्याची वरची कड माडीच्या जमिनीच्या जरा वर भिंतीला टेकवली आहे आणि सांधा सिमेंटने भरलाय. पावसात कधी शेडच्या आत भिंतीवरून ओघळ येतो, ते आम्ही वाऱ्याचा मारा समजत होतो.

आडवलीकर

गावलो चोर.

कडीपाट

हो, हेच. पत्रा उन्हात तापून लांब होतो, रात्री आखडतो. भिंत जागची हलत नाही. मध्ये भरलेलं सिमेंट पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं आणि केसाएवढी फट पडते. माडीच्या भिंतीवर आपटलेला सगळा पाऊस खाली ओघळतो तो त्या फटीत, आणि फटीच्या बरोबर खाली तुमच्या तुळयांची टोकं. जांभा पाणी पितो, सांध्यांतली माती ते धरून ठेवते. आतून ऑईलपेंट असल्यामुळे तिकडून वाळायची सोय नाही. त्या टोकांना जून ते ऑक्टोबर सतत ओल आणि नंतर बंद कोंदट जागा. बुरशीला याहून चांगलं घर मिळणार नाही.

बाकीच्या तुळया ठणठणीत आहेत हेच त्याचं उत्तर. पुराने कुजल्या असत्या तर सगळ्या कुजल्या असत्या, शेडखालच्या दोनच नाही.

हळदीपूर

गॅरंटीवाल्याबद्दल : कसली गॅरंटी ते लिहून मागा. बहुतेक वेळा ती वाळवीची असते. वाळवीचं औषध बुरशीवर काही करत नाही. इमिडाक्लोप्रिड काय किंवा क्लोरपायरिफॉस काय, दोन्ही कीटकनाशकं. वाळवीसाठी जमिनीच्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात फूटभर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडतात, ते काम आपल्या जागी योग्य आहे. कुजलेल्या तुळईला त्याचा उपयोग शून्य.

मामा_मुरुडकर

निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमची अर्धी कौलं उडाली, नवीन मिळेपर्यंत वासे आणि रिपा पावसात भिजत राहिल्या. तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्याआधी जळकं ऑईल मारतो. एक वासा कुजला नाही. गॅरेजमध्ये फुकट मिळतं. पूर्वीचे लोक होडीला उंडीचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल लावायचे ते काही वेडे नव्हते.

हळदीपूर

मुरुडकर मामा, होडीवाले वेडे नव्हतेच. काजूच्या टरफलांचं तेल खरंच लाकूड टिकवतं, बुरशी आणि किडा दोन्ही दूर ठेवतं. हातावर सांडलं तर कातडी जाळतं हे मात्र नव्या लोकांनी लक्षात ठेवावं. पण ती तेलं वाळलेल्या लाकडाला लावायची असतात. भिजलेल्या टोकावर तेल किंवा डांबर चोपडलं की आतलं पाणी आतच कोंडतं.

गाडीचं जळकं ऑईल तर घरात नकोच. त्यात इंजिनात झिजलेले धातू असतात, वास महिनोन्महिने जात नाही, आणि वणवा नाही तर शॉर्टसर्किट, एका ठिणगीने काम होतं. तुमचे वासे टिकले ते कौलं परत बसली म्हणून.

मामा_मुरुडकर

असेलही. पण वासे माझे आहेत आणि काळे सुंदर दिसतात.

साळगावकरीण

गोव्यात आमच्या घरात असंच होतं, तिथलं सांगते. आधी तो खालचा सिमेंटचा गिलावा आणि ऑईलपेंट. जांभा आणि मातीची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि दोन्ही अंगांनी उडवते, असं तिचं चाललेलं असतं. वरून सिमेंटचा थर बसला की पाणी उडायला जागा शोधत वर चढतं. पुराच्या पाण्यातले क्षार त्याच्याबरोबर वर येतात आणि जिथे गिलावा संपतो तिथे पांढरी पूड फुटते. तुमच्याकडे चार-पाच फुटांवर भिंतीला फुगे आणि पूड दिसते का बघा. चौकटींचे पाय त्या ओल्या पट्ट्यात असतात, म्हणून पुढचा नंबर त्यांचा.

आम्ही सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला, वर चुन्याचीच सफेदी. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो आणि हे काम करणारा गवंडी शोधायला त्याहून जास्त. पावसाळ्यात चुन्याला हात लावू नका, वाळतच नाही. भिंत उघडी करून एक उन्हाळा तशीच सोडली तर उत्तम. दिसायला भिकार दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू देत.

एडिनबरोकर

कडीपाट, पटलं. सर्प्युलाची भीती मागे घेतो. इथे भिंत वाळण्याचा ठोकताळा इंचाला महिना असा धरतात, म्हणजे तुमच्या दीड फुटाला दीड वर्ष. पाण्याचं मूळ बंद झाल्यापासून मोजायचं.

कडीपाट

ठोकताळा चांगला आहे, फक्त कोकणात त्यातून पावसाळ्याचे महिने वजा करा, तेव्हा भिंत वाळत नाही, उलट पिते. दुसरीकडे फेब्रुवारी ते मे इथलं ऊन आणि वारा एडिनबरापेक्षा कितीतरी काम करतात, तेवढं पदरात पडतं.

ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर ऑनलाईन स्वस्तात मिळतं, घ्याच. वापरताना दोन गोष्टी. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता नव्वदीत असते, तेव्हा एकदम चांगलं, कोरडं ठेवलेलं लाकूडही १८-२० दाखवतं, ती हवेशी जुळवून घेतलेली ओल आहे. म्हणून मोजा पावसाळ्यात आणि मार्चमध्ये, दोन्ही लिहून ठेवा, आणि प्रत्येक वेळी घरातल्या दुसऱ्या चांगल्या तुळईशी तुलना करा. मार्चमध्येही मागची टोकं पुढच्या तुळयांपेक्षा ८-१० ने वर असतील तर पाणी अजून येतंय. दुसरं, क्षार असलेल्या भिंतीवर सुया टोचल्या तर आकडा फुगतो. भिंतीचा आकडा सोडून द्या, लाकडाचाच बघा.

शिवनदीकाठ

साळगावकरीणताई, पूड आहे. बरोबर गिलावा संपतो तिथे, आणि मागच्या दाराच्या चौकटीचा पाय पेचकसाने टोचला तर अर्धा इंच आत जातो. आत्तापर्यंत बघितलंच नव्हतं.

रंधा-पटाशी, टोकाचा फोटो टाकला आहे.

रंधा-पटाशी

साग नाही. ऐन. रंग, रेषा, सगळं ऐनाचं. काकांना सांगू नका, उगाच जीव खंतावेल. ऐन चांगलं मजबूत लाकूड आहे, वजनाला सागापेक्षा भारी, पण सतत ओल सहन करण्यात सागाची बरोबरी नाही. आणि साग असता तरी गाभ्याचाच टिकतो. बाहेरचं पांढरं साग म्हणून आणलं तर तेही तसंच कुजतं, वखारवाला कितीही सांगू दे.

आता काम. आख्खी तुळई बदलू नका. मधला भाग चांगला आहे तर तो का फेकायचा? जुन्या ऐनाएवढं मुरलेलं लाकूड आज मिळायचं नाही. कुजका भाग कापायचा आणि नवं टोक सांधायचं. कापताना टोच्याने मागे मागे टोचत या. जिथे लाकूड घट्ट लागेल तिथून आणखी वीतभर आत कापा, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या जरा पुढे गेलेली असते. मीटरभर वगैरे इथे गरज नाही. कापल्यावर टोकाचा रंग बघा, गाभ्यात तपकिरी पट्टा दिसला तर अजून मागे.

नवं टोक पूर्ण वाळलेल्या सागाच्या गाभ्याचं. जुने वाडे पाडतात त्यांच्या वखारी पुण्या-साताऱ्याकडे आहेत, तिथे तुळयांचे तुकडे मिळतात. खिळ्यांची भोकं आणि टोकं नीट तपासून घ्या, नाहीतर दुसऱ्याची कूज पैसे देऊन घरी आणाल.

तिरका सांधा, मध्ये पाचर, आणि आरपार बोल्ट मोठ्या चौकोनी वायसरसकट.

कडीपाट

सांध्याबाबत माझं थोडं वेगळं मत. छपराच्या वाशाला तिरका सांधा पुरतो. माडीच्या तुळईवर माणसं नाचतात, आणि तुमच्या बाबतीत टोकाजवळच सगळा भार भिंतीवर उतरतो. नवं लाकडी टोक लावा, पण सांध्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी किंवा चॅनेल बसवून बोल्ट आरपार घ्या. गॅल्वनाईज किंवा स्टेनलेसचे बोल्ट, साधं लोखंड ओल्या लाकडात काळं पडतं आणि आजूबाजूचं लाकूडही खातं. पट्टीची लांबी-जाडी मी इथे सांगणार नाही. तुळईची मापं, गाळा (दोन भिंतींमधलं अंतर), फळ्यांची दिशा बघून गावातल्या एखाद्या इंजिनिअरकडून काढून घ्या, तासाभराचं काम आहे.

रंधा-पटाशी

पट्ट्या लावा, हरकत नाही. दिसायला नको म्हणून आम्ही चॅनेल वरून फळ्यांखाली लपवतो.

कडीपाट

खरी मेख भिंतीतल्या खोबणीत आहे, तिथे बहुतेक जण घाई करतात. सुतार गेला की गवंडी येतो आणि तुळईभोवती सिमेंट ठासून भरतो. तसं केलंत तर काही वर्षांनी हाच धागा पुन्हा वर काढाल. टोक काळ्या दगडाच्या सपाट तुकड्यावर टेकवा, मध्ये डांबरी फेल्टची पट्टी, निदान चार इंच टेकाव. दोन्ही बाजूंना आणि मागे बोटभर मोकळी जागा सोडा, हवा खेळली पाहिजे. उंदीर शिरतील अशी भीती असेल तर समोरून जाळी लावा. बाहेरच्या बाजूला तुळईच्या टोकापुढे भिंतीची जाडी कमी उरत असेल तर तिथली जागा दगड आणि चुन्याने भरा.

पेस्ट कंट्रोलवाल्यापेक्षा या बोटभर फटीवर माझा जास्त विश्वास आहे.

हळदीपूर

औषध मी सांगतो, लाकूड रसायनात काम केलंय. अशा कामाला बोरॉन. बोरॅक्स दीड भाग, बोरिक ॲसिड एक भाग. दहा लिटर गरम पाण्यात दोन्ही मिळून अर्धा ते पाऊण किलो, ढवळत विरघळवा. बुरशी, वाळवी, भुंगेरा तिघांवर चालतं, रंग-वास नाही. नवं टोक बसवण्याआधी त्यात बुडवून ठेवा, कापलेला भाग तर नक्की. राहिलेल्या जुन्या तुळईला ब्रशने तीन-चार हात, आधीचा ओला असतानाच पुढचा.

बोरॉनचा गुण असा की लाकूड दमट असेल तर ते पाण्याबरोबर आत आत पसरतं. दोष तोच. बाहेर पावसात असलेल्या लाकडातून ते पाण्याबरोबर निघूनही जातं. म्हणून शेडचा सांधा नीट झाल्याशिवाय लावलंत तर एका पावसाळ्यात औषध गटारात. वाशांच्या बाहेर आलेल्या टोकांना, उघड्या चौकटींना त्यावर तेल किंवा रंगाचा थर हवाच.

हातमोजे, चष्मा. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर काम चालू असताना दुसरीकडे राहू द्या. उरलेलं पाणी झाडांना घालू नका, बोरॉन जास्त झालं की झाडं मरतात.

तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं हिरवट लाकूड कुणी सुचवेल. तो शोध आपलाच, १९३३ मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी लावला आणि जगभर विजेचे खांब त्यावर उभे राहिले. पण त्यात आर्सेनिक आहे, राहत्या घरात आतून नको. आणि ते कारखान्यात दाबाखाली भरावं लागतं, ब्रशने लावायची वस्तू नाही.

नवी_नातं_जुनं_घर

वाचनखूण साठवली. एक शंका : बुरशी लागलेलं लाकूड मी चुलीत जाळू का? आईला भीती आहे की धुरातून पसरेल.

रंधा-पटाशी

जाळा, बिनधास्त. धुराने पसरत नाही. फक्त जळकं ऑईल लावलेलं, रंग दिलेलं किंवा हिरवट औषधाचं लाकूड स्वयंपाकाच्या चुलीत नको. आणि कुजकी लाकडं पावसाळ्यात घराच्या भिंतीला टेकवून रचून ठेवू नका, वाळवी आयती येते. शिवनदीकाठ यांच्या शेडमधला लाकूडफाटाही तिथून हलवा, भिंतीला हवा लागू दे.

शिवनदीकाठ

अपडेट. सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून सविस्तर लिहितो.

शेडचा पत्रा भिंतीपासून चार बोटं मागे घेतला. वर भिंतीत दगडाच्या सांध्यात खाच मारून ॲल्युमिनियमची पट्टी आत बसवली, ती पत्र्यावर झुलती सोडली. सिमेंट कुठेच नाही. शेडला पन्हळ लावून पाणी थेट गटारात काढलं. भिंतीवर एक ओघळ नाही, परवाच्या अवकाळीत उभं राहून बघितलं.

खोबण्या उघडल्यावर आतली माती ओली चिंब होती, हातात गोळा होत होता. म्हणजे कडीपाट म्हणाले तसं. खोबण्या जानेवारीपासून उघड्याच ठेवल्या. मार्चमध्ये आतल्या चांगल्या लाकडाचा आकडा पुढच्या तुळयांच्या जवळ आला, मग सुताराला बोलावलं.

सुतार आधी नाराज होता, आख्खी तुळई बदलली की त्याचं काम सोपं. रंधा-पटाशींचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, मग म्हणाला 'हे कुणी देवरुखचं आहे का?' आणि मुकाट कामाला लागला. दोन्ही टोकं सागाची, चॅनेल दोन्ही बाजूंनी, इंजिनिअरने मापं काढून दिली. एका तुळईत कापताना तपकिरी पट्टा आणखी मागे निघाला, तिथे जास्त कापावं लागलं. दुसरीला वीतभरच. बोरॉन पाजलं. फेल्ट, दगड, मोकळी जागा, समोर जाळी.

गवंडी सिमेंटचं घमेलं घेऊन आलाच होता. त्याला थांबवायला मी शिडीवरच उभा होतो.

जमीन पूर्ण सरळ झाली नाही, जरा उतार राहिला आहे. टेकूचे स्क्रू रोज थोडे फिरवून जितकं वर आलं तितकं घेतलं. माडीवर कॅरम खेळताना सोंगट्या एका बाजूला जातात, बाकी त्रास नाही.

खालचा सिमेंटचा गिलावा मागच्या भिंतीचा पूर्ण काढला, बाकीच्या तीन भिंतींचा पुढच्या हिवाळ्यात. काका अजून म्हणतात तुळया सागाच्याच होत्या. आता दोन टोकं तरी आहेत, म्हणून मी हो म्हणतो.

साळगावकरीण

मागच्या दाराच्या चौकटीचं काय केलंत?

शिवनदीकाठ

चौकटीचा पाय फूटभर कापून त्याजागी काळ्या दगडाचा ठोकळा बसवला, लाकूड आता जमिनीपासून वर आहे. बाहेरच्या अंगणात पुरानंतर पेव्हर टाकून जमीन उंबऱ्याच्या पातळीला आली होती, तीही भिंतीजवळ दोन फूट उकरून खाली घेतली आणि खडी भरली. आडवलीकर, तुमच्या हिशेबाने बाहेरचा फोटोही टाकतोय.

आडवलीकर

बरा केल्यात. पण ता पन्हळ पानांनी भरतला, शेजाऱ्याचो आंबो वर आसा दिसता. मे संपायच्या आधी आणि गणपतीआधी, दोनदा साफ करूक व्हया.

कृष्णाकाठचा

सांगलीहून. आमच्याकडे २०१९ चा पूर. तुळया नाहीत, स्लॅब आहे, पण सागाच्या चौकटी आणि कपाटांच्या पाठीच्या प्लायला काळे डाग आणि बारीक पिठासारखी पूड पडते. ही पण कूजच का?

हळदीपूर

पिठासारखी बारीक पूड आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे भुंगेरा, कूज नाही. तो पांढऱ्या लाकडात आणि स्वस्त प्लायमध्ये येतो. दाणेदार, वाळूसारखे कण असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. प्लायचे थर सुटले असतील तर ते कपाट वाचवायच्या फंदात पडू नका, काढून टाका. चौकट टोचून बघा आणि भोकांचा जवळून फोटो टाका, पण नवा धागा काढून टाका, इथे वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल.